गोड आंबील

तुम्ही निंगव्वाचा आंबिलीचा मातीचा डेरा फोडलात. स्वतःच्या हातानं नाही, नगरपालिकेच्या कचेरीत बसलेले तुमचे हात कोरडेच राहिले. शिपायाच्या काठीनं फोडलात. भर दुपारी, गिरणीच्या फाटकासमोर, सुट्टीचा भोंगा व्हायच्या सुमाराला. आणि फोडून वर निरोप पाठवलात, की हे लोकांच्या भल्यासाठी आहे. त्या भल्याचं पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नसल्याचं सोंग तुम्हाला छान जमतं, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगावं लागतंय.

निंगव्वा मूळची मंद्रूपची. लिंगायताची बाई, घरात कानडी, बाहेर मराठी. नवरा मडिवाळप्पा गिरणीत होता, तो गेल्यावर गावाकडं परतायचं सोडून ती सोलापुरातच राहिली आणि फाटकासमोरच्या लिंबाखाली आंबील घेऊन बसू लागली. तिच्या शेजारी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी विकणाऱ्या बाया बसत, एखादी काकडी-कांदा घेऊन येई. भोंगा झाला की गिरणीतली माणसं अंगाला कापूस चिकटलेली अशी बाहेर पडत, भाकरी घेत, तिच्यावर चटणी, आणि निंगव्वापुढं वाडगं धरत. साचेखात्यात, म्हणजे माग चालतात तिथं, हवा मुद्दाम दमट ठेवतात, सूत तुटू नये म्हणून. माणूस तुटला तर चालतो. त्या उकाड्यातून आलेल्या माणसाला ती गार, आंबट, लसणाच्या वासाची आंबील पोटात गेली की परत आत जायचं बळ येई.

तिकडच्या गावांतून येळवशीच्या अमावस्येला सगळं घर शेतात जेवायला जातं, तिथं डेऱ्यातली आंबील पितात. वर्षातून एकदाची ती गोष्ट निंगव्वानं रोजची केली. ज्वारीचं पीठ शिजवायचं, निवलं की ताकात कालवायचं, ठेचलेला लसूण आणि मीठ टाकायचं, आणि डेऱ्याचं तोंड फडक्यानं बांधून रात्रभर तसंच ठेवायचं. डेरा राखेनं कधी घासायचा नाही. तळाला कालची थोडी राखायची, तिच्यावर आजची ओतायची. सासू असंच करायची, म्हणून सूनही असंच करायची. का, ते सासूनं सांगितलं नव्हतं आणि सुनेनं विचारलं नव्हतं.

तिचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे कोंडीबा. माळशिरसाकडचा, शेतीत भागेना म्हणून बायकोला घेऊन शहरात आलेला, साचेखात्यात दोन साचे चालवणारा. तोंडाचा फटकळ. वाडगं रिकामं करून म्हणायचा, "निंगव्वाबाई, माजा साचा बंद पडला की त्यालाबी पाजावी म्हनतो तुमची आंबील."

"पाज की. पैसं कोन देतो? साचा का तू?"

"मालक देतोय की!"

मालकाचं नाव निघालं की सगळा लिंब हसायचा.

त्या उन्हाळ्यात तुमचा आरोग्यखात्याचा नवा इन्स्पेक्टर आला. तो लाचखाऊ असता तर बरं झालं असतं. चार आणे दिले असते आणि डेरा वाचला असता. पण तो प्रामाणिक होता. दुसऱ्या कुठल्या गावी त्यानं पटकीची साथ पाहिली होती, पोरं पटापट जाताना पाहिली होती, आणि इथं तसं होऊ द्यायचं नाही असं त्यानं मनाशी धरलं होतं. हे मी त्याच्या बाजूनं सांगतोय. त्याची बाजू इथंच संपते.

तो लिंबाखाली आला, नाक डेऱ्याजवळ नेलं आणि मागं झाला.

"हे काय आहे?"

"आंबील, सायेब."

"नासलंय हे."

"नासली न्हाय, आंबलीय."

"एकच ते."

मागं भाकरी खात बसलेल्यांतून कोंडीबा म्हणाला, "सायेब, मग घरी जाऊन तुमचं दहीबी वता मोरीत!" माणसं खिदळली. साहेबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं फडकं सारून आत पाहिलं. डेऱ्याच्या आतल्या अंगाला वर्षांचा थर बसलेला, पिवळट.

"हे भांडं शेवटचं कधी घासलंस?"

निंगव्वाला खोटं बोलायला वेळ मिळाला नाही. किंवा सुचलंच नाही. "घासत न्हाय की वो," ती म्हणाली.

साहेबानं शिपायाकडं पाहिलं. काठी बसली. आंबील लिंबाच्या मुळाशी गेली, आणि चार कुत्री धावत आली. भाकरीवाल्या बाया आपापल्या पाट्या पोटाशी धरून उठल्या. निंगव्वा खापऱ्या गोळा करायला लागली, तशी एक म्हातारी म्हणाली, "राहू दे अव्वा, त्याचं काय आता." निंगव्वानं तरी तळाचा तुकडा उचलला. त्यात घोटभर आंबील राहिली होती. शिपायानं तोही पायानं उलटा केला.

साहेब मग रस्ता ओलांडून तिप्पण्णाच्या हॉटेलात गेला आणि खुर्चीवर बसून त्यानं चहा मागवला.

तिप्पण्णाचं हॉटेल तुम्हाला माहीत असेलच, तुमचाच परवाना त्याच्या भिंतीला लटकलाय. काचेच्या बरण्या, वर माशा, कढईत तेल. ते तेल कधी बदललेलं कुणी पाहिलं नाही. इंजनाच्या वंगणासारखं काळं झालेलं, त्यात भजी तळायची, पुन्हा तळायची, काल उरलेली आज तळायची. पण चहा उकळलेला असतो, भजी तळलेली असतात, भांडी कल्हईची असतात, आणि मालक "या साहेब" म्हणतो. नियमात बसायला आणखी काय लागतं? त्या भज्यांवर आणि चहावर आख्खी पाळी काढणारी पोरं संध्याकाळी पोट धरून चाळीच्या पायरीवर बसतात. ते नियमात कुठं येत नाही.

तिप्पण्णा वाईट माणूस नव्हता. निंगव्वाच्याच जातीचा, नात्यात लांबून भाऊ लागायचा. तिला म्हणाला, "अक्का, आता दिवस आंबिलीचं ऱ्हायलं न्हाईत. माज्याकडं भजी तळायला ये."

"तुज्या तेलात मी हात घालनार न्हाय, तिप्पण्णा."

"हात कशाला? झारा हाय की!"

ती कचेरीत गेली. इन्स्पेक्टरनं तिला नीट समजावलं, आवाज न चढवता. आंबवायचं नाही. ज्या सकाळी विकायची त्याच सकाळी शिजवायची. मातीचं भांडं चालणार नाही, पितळेचं, कल्हई केलेलं पाहिजे, रोज घासलेलं पाहिजे. एवढं केलं तर बस लिंबाखाली, कुणी उठवणार नाही. निंगव्वानं हातातल्या पाटल्या मोडून पितळेचं मोठं पातेलं घेतलं आणि कल्हई करून आणलं. आंबट नाही ती आंबील कसली, हे तिला वाटलं. पण जागा गेली की सगळंच गेलं. आणि साहेब शिकलेला होता.

पहिल्या दिवशी कोंडीबानं एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"ही काय गं आनलीस? सुताला लावायची खळ हाय का ही?"

"साहेबाची आंबील हाय. गोड हाय, पी."

"गोड हाय ती साहेबाला पाज. आनि गरम केवडी हाय! जीभ भाजली की माजी."

सकाळी शिजवलेली जाड आंबील वैशाखात दुपारपर्यंत निवत नाही. पूर्वी रात्रभर डेऱ्यात पडून ती माठातल्या पाण्यासारखी गार व्हायची. आता पातेलंच तापायचं उन्हानं. गिऱ्हाईक रस्ता ओलांडायला लागलं. मग निंगव्वानं घरून घागर भरून आणली आणि त्या पाण्यानं आंबील पातळ आणि गार केली. माणसं परत आली. पण घागर पुरेना. चाळीचा नळ सकाळी थोडा वेळ येतो, तिथं बायांची मारामारी असते, आणि फाटकापासून चाळ लांब.

फाटकाच्या बाजूला हौद होता. तुमचा हौद. लोकांना प्यायला म्हणून बांधलेला, त्यावर दगडात उद्घाटनाचं लिहिलेलं, आणि बांधून झाल्यावर तुम्ही त्याच्याकडं पाठ फिरवली ती फिरवलीच. टांगेवाले त्यात घोड्यांना पाणी पाजत. म्हशी शिंगं खुपसत. गिरणीतल्या माणसांनी तुमच्याकडं नळ मागितला होता, एकदा नाही, दर उन्हाळ्याला. पुढच्या साली बघू, म्हणालात. पुढचं साल तुमच्याकडं कधी येतच नाही.

एके दिवशी भोंगा झाला तेव्हा घागर रिकामी होती. माणसं वाडगी घेऊन उभी, ऊन डोक्यावर. निंगव्वा हौदाकडं गेली आणि घागर बुडवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग ते रोजचंच झालं.

पटकी आली ती चाळीत कोंडीबाच्या खोलीपासून. संध्याकाळी पाळीवरून आला तो वाकलेलाच आला, आणि सकाळी त्याला बाहेर काढला तेव्हा ओळखू येत नव्हता, अंग निचरून निळं पडलेलं. मागोमाग आणखी माणसं पडली. काही उठली, काही नाही उठली. चहा पिणाऱ्यांतला कुणी पडला नाही. ही गोष्ट खरी आहे, मी लपवत नाही. तुमच्या इन्स्पेक्टरनं ती लगेच हेरली आणि लिंबाखाली येऊन मोठ्यानं सांगितली.

"उकळलेला चहा पिणारे जिवंत आहेत. आंबील पिणारे गेले. आणखी काय सांगायचं?"

लिंबाभोवती चुना टाकला. आंबीलवाली उठवली, तिच्याबरोबर भाकरीवाल्या उठवल्या, काकडीवाली उठवली. फाटकासमोर खायचं काही विकायचंच नाही, असा हुकूम निघाला. भाकरीनं कुणाला काय केलं होतं? पण झाडू मारायचा तर सगळाच मारावा, सोपं पडतं. हॉटेल राहिलं. हौद राहिला.

भाकरीवाल्या निंगव्वाच्या दाराशी आल्या. "तुज्यापायी आमच्या चुली इझल्या," म्हातारी म्हणाली. "गावाकडं तोंड काळं कर आता." निंगव्वा आत पातेलं घासत बसली होती. स्वच्छ होतं तरी घासत होती.

मग एका सकाळी तुमचे अण्णाराव आले. हेडक्लार्क. गोड माणूस, दारातच चपला काढल्या, पाणी मागितलं आणि प्यायला मात्र नाही.

"हे बघ निंगव्वा, साथीचं मूळ काय, असं वरून विचारणा झालीय. शहराचं नाव खराब होतं असल्यानं. आता तो कोंडीबा, तो गावाकडं गेला होता ना मधी?"

"गेलता. म्हैना झाला असंल."

"महिना का असेना. गेला होता ना!"

"व्हय."

"मग झालं. गावाकडनं रोग घेऊन आला. तुझ्यावर काही नाही, आमच्यावर काही नाही. साहेबांपुढं एवढंच सांगायचं, की आला तेव्हाच त्याला बरं नव्हतं, तू पाहिलंस. नवी पेठेच्या बाजूला मंडई होतेय, सावलीचे ओटे, पाण्याचा नळ. एक ओटा तुझा. मी शब्द देतो."

"आनि भाकरीवाल्या?"

"त्यांचं मागाहून बघू. आधी तू तर बस."

सावलीचा ओटा. पाण्याचा नळ. निंगव्वाला रडू आलं. जो नळ आधी दिला असता तर कोंडीबा आज वाडगं घेऊन टिंगल करत उभा असता, तो नळ आता त्याच्या मढ्यावर पाय देऊन मिळत होता. पण तिचं मन तिथं गेलंच. मी तिला देवी करत नाही. मडिवाळप्पामागं तिला कुणी नव्हतं, पाटल्या गेल्या होत्या, आणि मेलेल्या माणसाच्या नावावर चार शब्द टाकले तर त्याला काय लागणार होतं? "सांगते," ती म्हणाली. अण्णाराव चपला घालून गेले.

त्याच दिवशी दुपारी सोजरबाई आली. कोंडीबाची बायको. पदर डोक्यावरून खाली ओढलेला, कपाळाला कुंकू नाही. दारात उभी राहिली, आत आली नाही.

"चाळीतल्या बाया नळावर हात लावू देत न्हाईत," ती म्हणाली. "म्हनत्यात, माळशिरसाचा रोग आनला ह्यांनी. सकाळधरनं बोलत्यात. कोन कचेरीतला मानूस सांगून गेला म्हनं, की निंगव्वाबाईनं बघितलंय. माजा मानूस गावाकडनं आजारी आलता, आसं तू बघितलंस?"

निंगव्वानं तिला आत बोलावलं. सोजरबाई उंबऱ्यातच बसली.

"धडधाकट आला हुता गं त्यो. येताना तुज्यासाटी लसूण आनला हुता त्यानं, इसरलीस? आंबिलीत घाला म्हनाला." तिनं मान वर केली. "आता खरं सांग. काय पाजलंस त्याला?"

हे विचारायला तिच्याआधी कुणी आलं नव्हतं. इन्स्पेक्टरनं विचारलं नव्हतं, त्याला आधीच कळलेलं होतं. अण्णारावांनी विचारलं नव्हतं, त्यांना कळून घ्यायचं नव्हतं. निंगव्वानं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"हौदातलं पानी घातलं हुतं," ती म्हणाली. "गार करायला."

"त्या हौदातलं? घोडी पितात त्यो?"

"व्हय."

"दिसत न्हवतं तुला?"

"दिसत हुतं की. हातानं शेवाळ बाजूला केलं आनि घागर बुडवली."

सोजरबाई उठली. निंगव्वाला वाटलं, आता ही मारणार, आणि तिनं हातही आडवा धरला नाही. सोजरबाईनं ते पातेलं उचललं आणि सगळ्या ताकदीनं दाराबाहेर भिरकावलं. ते बोळातून गडगडत गेलं, शेजारची दारं उघडली आणि पुन्हा मिटली. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. बराच वेळ.

"का गं?" ती शेवटी म्हणाली.

"भोंगा झाला हुता. लोक खोळंबली हुती. तुजा दादलाच म्हनला, निंगव्वाबाई, जरा गार करा की, जीव चाललाय उन्हानं."

सोजरबाईच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. "आसंच म्हनला आसंल. दम कुटला त्याला." मग पुन्हा तोंड कडू झालं. "तुला माफी न्हाय हां माजी. सांगून ठिवते."

"मागत न्हाय."

"पर माज्या मानसाच्या माथ्यावर रोग मारनाऱ्यास्नीबी न्हाय. हे पानी घातल्याचं तू चारचौघांत सांगशील?"

निंगव्वाच्या डोळ्यांपुढं मंडईचा ओटा आला, सावली आली. सांगितलं तर ओटा तर गेलाच, बेड्याही पडतील की काय. ती उठली, पदर खोचला आणि बाहेर पडून आधी बोळातलं पातेलं उचललं. एका अंगाला खोल पोचा पडला होता. ते तसंच काखेला मारून ती म्हणाली, "चल."

कचेरीत शिपायानं अडवलं. दोघी पायरीवर बसल्या. टपाल घेऊन येणारे-जाणारे त्यांना ओलांडून जात होते. शेवटी तुम्ही बाहेर आलात, कारण टांगा बाहेर होता आणि पायरी दुसरी नव्हती. मागं इन्स्पेक्टर, त्यामागं अण्णाराव.

निंगव्वा उभी राहिली. मोठ्यानं बोलली, रस्त्यावरच्यांना ऐकू जाईल असं.

"ह्या बाईचा मानूस गावाकडनं रोग घेऊन आला न्हाई. मी बघितलं म्हनून जे सांगतात ते खोटं हाय. मी त्याला हौदाचं पानी पाजलं. माजी चूक हाय. माज्या हातानं झालंय."

अण्णारावांनी कपाळाला हात लावला. इन्स्पेक्टर पुढं झाला. "ऐकलंत साहेब? मी म्हणत होतो तेच. ही आंबील..."

"आंबील न्हाय वो!" निंगव्वा ओरडली. "तुमी आंबवू नको म्हनला म्हनून पानी घालावं लागलं. डेऱ्यातल्या आंबिलीत मी कवा कच्चं पानी घातलं न्हाय. ती पिऊन कुनी पडलं हुतं का, सांगा! मी माजं सांगितलं. आता तुमचं तुमी सांगा, हिच्या तोंडावर सांगा."

इन्स्पेक्टर, मघाशी म्हटलं तसा, प्रामाणिक होता. तेवढ्यापुरता त्याचा चेहरा उतरलेला निंगव्वाला दिसला. त्यानं तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही घड्याळाकडं पाहिलंत.

मग तुम्ही बोललात. बाई, झालं ते वाईट झालं, म्हणालात. आता बंदोबस्त केलेला आहे, म्हणालात. फाटकासमोर एकही उघडं खाद्य विकू दिलं जाणार नाही, तेव्हा पुन्हा असं होण्याचं कारण नाही. आणि टांग्याकडं पाऊल टाकलंत.

सोजरबाई तोवर बसलेलीच होती. ती उठली आणि टांग्याच्या पायरीपुढं जाऊन उभी राहिली. पदर मागं सरकला होता, तो तिनं पुन्हा ओढला नाही.

"सायेब, थांबा," ती म्हणाली. "उद्यापासनं म्या गिरनीत लागनार हाय, सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात. पोटाला दुसरं काय न्हाय. तुमचा बंदोबस्त म्या बघून आले. भाकरीवाल्या न्हाईत, काकडीवाली न्हाय, हिची आंबील न्हाय. तिप्पण्णाची काळी भजी हायेत आनि हौद हाय. दुपारचा भोंगा झाला की म्या फाटकाभायेर येनार, उपाशी. तवा म्या काय खाऊ आनि कुटलं पानी पिऊ? टांगा मागनं जाईल. ह्याचं उत्तर आदी द्या."